खंदकांचं रसग्रहण

कलेला समीक्षेची गरज असते की नाही, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. समीक्षेला कलेची गरज नसते, याबद्दल मात्र आता कुठेही मतभेद उरलेले नाहीत. हा शोध आमच्या वॉर्सा शहरात १९३९ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लागला. त्याचं सारं श्रेय 'सायंदूत' या दैनिकाचे नाट्यसमीक्षक सेवेरिन ओल्शेव्स्की यांच्याकडे जातं. ते त्यांना अद्याप कुणी दिलेलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे नाट्यगृहांना कुलपं असतात. नटमंडळी डोंगरात जातात, गायिका समुद्रावर जातात आणि समीक्षक शहरातच राहतो, कारण त्याला कुठूनच आमंत्रण नसतं. सेवेरिनसाहेबांची अवस्था टकल्यांच्या गावातल्या न्हाव्यासारखी झाली होती. बावीस वर्षांच्या सेवेत त्यांनी १,९१७ प्रयोगांवर लिहिलं होतं (पैकी शेवटपर्यंत पाहिलेले ६०४, उरलेल्यांवरचं लेखन अधिक निःपक्षपाती मानलं जातं). त्यांच्या लेखणीच्या धाकानं दोन नाट्यगृहं बंद पडली, एक नट पाद्री झाला आणि एका नाटककारानं साबणाचा कारखाना काढला. साबण चांगला होता. सेवेरिनसाहेब स्वतः तोच वापरत.

त्यांची मोजपट्टी साऱ्या शहराला तोंडपाठ होती. 'अटळ' म्हणजे उत्तम. 'लक्षणीय' म्हणजे लेखक ओळखीचा आहे. 'धाडसी' म्हणजे नटीला संवाद पाठ नव्हते. आणि 'प्रामाणिक' म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागा. हा शेवटचा शब्द ज्याच्या वाट्याला येई, त्याला सख्खे नातेवाईकसुद्धा रस्ता ओलांडून टाळत.

त्या ऑगस्टमध्ये लढाई येणार येणार असं सगळेच म्हणत होते. तेवीस तारखेच्या रात्री मॉस्कोत आमच्या पूर्व-पश्चिमेच्या दोन शेजाऱ्यांनी आपापसात तह केला (एकमेकांवर हल्ला न करण्याचा, मधल्यांचं काय, हे त्यात स्पष्ट नव्हतं). नगरपालिकेनं त्याआधीच नागरिकांना आवाहन केलं होतं की हवाई हल्ल्यापासून आडोसा म्हणून बगीच्यांत आणि चौकांत खंदक खणावेत. वॉर्साकराला सांगितलेल्या कामाचा कंटाळा असतो, पण सक्ती नसलेल्या कामाची हौस दांडगी. दुसऱ्या दिवशी वकील, दंतवैद्य, जोगिणी, छत्र्या दुरुस्त करणारे, सुट्टी सोडून परतलेले नट-गायक, सगळे खणायला लागले. फावडी मिळेनात. लोक सूप वाढायचे डाव घेऊन आले.

गुरुवारी सकाळी 'सायंदूत'चे मुख्य संपादक ग्रोखोव्स्की यांनी सेवेरिनसाहेबांना बोलावून घेतलं.

"सेवेरिन, बगीच्यात जा आणि खंदकांवर लिही."

"मी नाट्यसमीक्षक आहे, ग्रोखोव्स्की. गुन्हेगारीवाल्याला पाठव."

"गुन्हेगारीवाला सैन्यात गेला. शेतकीवाला गेला. बुद्धिबळवाल्यालासुद्धा बोलावणं आलं. तुला आलं का?"

"नाही."

"मग? अरे, आख्खं गाव खणतंय, आणि प्रत्येकाला आपलं नाव छापून हवंय. नटी इझा मोर्स्का खणतेय, बाबा! पांढरे हातमोजे घालून!"

सेवेरिनसाहेबांनी हा तत्त्वाचा प्रश्न केला. तो चार मिनिटं टिकला. पाचव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "चौकटीत छापणार?"

साहेबांच्या इमारतीसमोरच्याच बगीच्यात त्या दिवशी चार खंदक चालू होते. एक नाटकमंडळींचा, एक चित्रकारांचा, एक ऑपेरावाल्यांचा, आणि कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, इमारत नंबर १४ च्या भाडेकरूंचा. (सेवेरिनसाहेब तिथलेच, तिसऱ्या मजल्यावरचे, पण हितसंबंध आड येऊ नयेत म्हणून त्यांनी फावड्याला हात लावला नव्हता.) भाडेकरूंच्या खंदकाचं पुढारपण इमारतीची रखवालदारीण बाल्बिना करत होती. रात्री दहाला फाटक लावायचं आणि उशिरा येणाऱ्याला पुटपुटत उघडून द्यायचं, हे तिचं काम. बावीस वर्षं साहेब नाटकावरून परतले की ती फाटकातच विचारायची, "कसं होतं?" आणि ते एका शब्दात सांगून जिना चढायचे. त्यामुळे पेपर न वाचता शहरातल्या रंगभूमीची बित्तंबातमी असलेली ती एकमेव बाई होती. तिच्या हाताखाली दोन धोबिणी, एक ट्रामचा कंडक्टर, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि शिंपी झेल्मान व त्याच्या तीन मुली एवढी माणसं होती.

खणायचं कसं हे बुचेक नावाच्या सार्जंटनं पहिल्या दिवशीच येऊन सांगितलं होतं: माणूस उभा बुडेल इतकं खोल, दर दहा पावलांना वळण, वर फळ्या, फळ्यांवर माती. तो दोन मिनिटं बोलला आणि गेला. त्याच्या बोलण्यात शैली नव्हती, याची उपस्थितांपैकी बऱ्याच जणांनी नोंद घेतली.

शुक्रवारच्या अंकात, पान दोनवर, चौकटीत आलेला तो लेख आता समीक्षेच्या इतिहासात जमा आहे. (तो इतिहास ज्या ग्रंथालयात होता ते पुढे जळालं.) त्यातला मुख्य भाग असा:

"नाटकमंडळींचा खंदक: इथे गुडघ्याएवढ्या खोलीत जे साधलं आहे, ते इतरांना गळ्याएवढ्या खोलीत साधत नाही. कुठे थांबावं हे ज्याला कळतं तोच कलावंत. अटळ." (मंडळी एकूण अठरा मिनिटं खणत होती. त्यांतली अकरा छायाचित्रकारांसाठी होती. नंतर ऊन लागू लागल्यानं सगळे कॉफीला गेले.)

"चित्रकारांचा खंदक: वर्तुळाकार. आरंभ आणि अंत यांतला भेद पुसण्याचा हा प्रयत्न धाडसी आहे." (आत उतरायचं कुठून, हे अजून ठरायचं होतं.)

"ऑपेरावाल्यांचा खंदक: खोली भरपूर, पण ऐकवण्यासाठी केलेली. लक्षणीय."

"भाडेकरूंचा खंदक: मातीचा सोस. दर दहा पावलांना अकारण वळण, जणू खणणाऱ्याला मूळ विषय सापडलाच नाही. फळ्यांची योजना ढोबळ. पाहणारा उतरतो तो थेट तळाशी जातो. वाटेत त्याला काहीही सुचत नाही. प्रामाणिक."

बाल्बिनाला हे कंडक्टरनं वाचून दाखवलं. शेवटच्या शब्दावर तो अडखळला, म्हणून तिनं पेपर हातात घेतला आणि बोट ठेवून स्वतः वाचला. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे पाहिले होते. ह्यांना खणता येईना, म्हणून खंदक वाकडा!" आणि तिनं आणखी एक वीत खणायला सांगितलं.

बाकी शहरावर मात्र लेखाचा परिणाम तात्काळ झाला. शनिवारी सकाळी ऑपेरावाल्यांनी कमरेपर्यंतची माती आत लोटली. त्यांचा मुख्य खर्जवाला गायक दमून म्हणाला की संयम हा खणण्यापेक्षा कष्टाचा आहे. नदीपलीकडे प्रागा पेठेतही हे लोण गेलं. (प्रागा म्हणजे आमचीच पेठ, प्राग नव्हे. प्राग मार्चमध्येच शत्रूच्या घशात गेलं.) रविवारपर्यंत शहरातल्या त्रेसष्ट प्रमुख खंदकांपैकी एकेचाळीस संयमी झाले. सरासरी खोली एक मीटर साठवरून पंचावन्न सेंटिमीटरवर आली. वळणं सरळ करण्यात आली. खणण्यापेक्षा बुजवायला माणसं अधिक मिळतात, अशी नोंद नगरपालिकेच्या दप्तरात सापडते.

खंदकांचे शुभारंभ होऊ लागले. छापील आमंत्रणं येत, काठावर डावीकडची एक खुर्ची समीक्षकासाठी राखून ठेवत, टोपी ठेवायला खुंटी रोवत. दंतवैद्यांच्या संघटनेनं 'अटळ' मिळाल्यास सेवेरिनसाहेबांची कवळी मोफत करून देण्याची तयारी दाखवली. साहेबांनी नकार दिला. त्यांचे दात शाबूत होते, आणि दंतवैद्यांचा खंदक खरोखरच नुसता धाडसी होता.

थोर माणसाला प्रतिस्पर्धी हवाच. तो सकाळच्या पेपरात निघाला. डॉक्टर हिपोलित झारेम्बा यांनी दीड पान लिहून सिद्ध केलं की खंदक ही कला होऊच शकत नाही, कारण खंदक म्हणजे वस्तू नसून वस्तूचा अभाव आहे. त्यांनी स्वतः खिडक्या हाती घेतल्या. स्फोटानं काचा उडू नयेत म्हणून लोक काचांवर कागदी पट्ट्या चिकटवत होते. डॉक्टरसाहेबांनी त्यांत फुलीचा संप्रदाय, चौकडीचा संप्रदाय आणि उगवत्या सूर्याचा संप्रदाय असे तीन संप्रदाय शोधून काढले. कॅफेंमध्ये टेबलं दुभंगली. लढाई होणार का, हा प्रश्न मागे पडला. झाली तर टिकाव लागेल का, हाही पडला. उरला तो एकच: सेवेरिन की हिपोलित? सासरा-जावयांची बोलणी बंद झाल्याची सात प्रकरणं नोंदली गेली आहेत.

सोमवारी सार्जंट बुचेक हातात एक मीटर ऐंशीची काठी घेऊन तपासणीला आला. त्यानं ती ऑपेरावाल्यांच्या खंदकात उभी केली आणि बराच वेळ काठीच्या वरच्या टोकाकडे पाहत राहिला.

"हे काय आहे?"

"संयम," खर्जवाला म्हणाला आणि त्यानं कात्रण पुढे केलं.

सार्जंटनं ओठ हलवत ते सगळं वाचलं. मग तो काठावर खुर्ची टाकून बसलेल्या सेवेरिनसाहेबांसमोर येऊन उभा राहिला. "संपादकसाहेब," तो म्हणाला. (आमच्याकडे पेपरात शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही संपादकसाहेब म्हणतात. खऱ्या संपादकाला काय म्हणतात ते छापता येत नाही.) "तुम्ही कधी खंदकात बसलाय का हो?"

हा प्रश्न अन्यायाचा होता. १९२० च्या लढाईत सेवेरिनसाहेबांनी सैन्याची सेवा केली होती. सैनिकांची पत्रं तपासण्याच्या खात्यात ते होते, आणि तीन पत्रं त्यांनी शैली सुधारण्यासाठी आघाडीवर परत पाठवली होती.

"सार्जंट, मी एकोणीसशे नाटकं पाहिली. एकातही काम केलेलं नाही. म्हणून तर नजर स्वच्छ राहते."

"ते ठीक. पण नाटक पडलं तर कुणाच्या डोक्यावर पडतं?"

साहेबांनी हा प्रश्न नाट्यशास्त्राबाहेरचा म्हणून बाजूला ठेवला.

"त्या कोपऱ्यातल्या बाईचा तेवढा खंदक आहे," सार्जंट म्हणाला. "बाकीची सगळी गटारं. आजच्या आज पुन्हा खणा!"

"'गटार' हा शब्द वापरण्याजोगा आहे," असं म्हणून साहेबांनी तो टिपून घेतला. दुपारी सार्जंटला पश्चिम सरहद्दीवर जाण्याचा हुकूम आला. घाईत त्याची काठी बगीच्यातच राहिली. चित्रकारांनी ती आपल्या वर्तुळाच्या मधोमध उभी केली, आणि रचनेला केंद्र मिळालं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मंगळवारी दुपारी एमिलियाबाई, म्हणजे सेवेरिनसाहेबांच्या पत्नी, जेवणाला अर्धा तास उशिरा आल्या. त्यांच्या नखांत माती होती.

"कुठे होतीस?"

"बाल्बिनाकडे. खणत होते."

"त्या प्रामाणिक खंदकात?"

"त्यातच. तीन दिवस जातेय. तुझं लक्ष असतं कुठे? हे बघ सेवेरिन, सूप निवतंय, म्हणून सरळ सांगते. गुरुवारी इमारतीची सभा आहे. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणतात, आपल्या इमारतीची गावभर छी-थू झाली. निम्मा बुजवायचा आणि सरळ करायचा, असा ठराव आणतायत."

"सुधारणा स्वागतार्ह आहे."

"मी त्यात बसणार आहे!" एमिलियाबाईंनी चमचा खाली ठेवला. "माझा हा गुडघा असा. मला चार गल्ल्या पळता येणार आहे का? समोर आहे तोच माझा खंदक. तू एक ओळ लिही रे. नुसतं 'चांगला आहे' म्हण. तुझं ऐकतात लोक. वेडे आहेत, पण ऐकतात."

"एमिल्का, बावीस वर्षांत मी एकही मत मागे घेतलेलं नाही. लोक म्हणतील, बायकोच्या सांगण्यावरून फिरला."

"म्हणू देत. आत्ता काय कमी म्हणतात?"

"आणि 'चांगला' हा शब्द मी १९२१ नंतर वापरलेलाच नाही."

एमिलियाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा सेवेरिनसाहेबांना भीती वाटली. खरी भीती. त्यांच्या डोळ्यांसमोर एक गुडघ्याएवढा चर आला आणि त्यात दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसलेली ही. त्या चित्रात त्यांना काहीही अटळ वाटलं नाही, लक्षणीय तर मुळीच नाही.

बुधवारी ते एक ओळ लिहायला बसले. आदल्या दिवशी भिंतींवर सैन्यभरतीची पत्रकं लागली होती, मग हुकूम फिरला, आणि त्या दिवशी ती पुन्हा लागली. (मित्रराष्ट्रांनी मजकूर जरा सौम्य करायला सुचवलं होतं म्हणे, संपादन सगळीकडेच चालतं.) साहेबांच्या टेबलावर तोवर सतरा मसुदे जमले होते. पहिला, "खंदक चांगला आहे." हा खोडला, कारण मत सिद्ध केलेलं नाही. दुसरा, "खंदक वाईट नाही." हा खोडला, भावुक म्हणून. नववा, "खोलीला तिचं असं एक म्हणणं असतं." हा त्यांना स्वतःलाच इतका आवडला की तो त्यांनी दुसऱ्या एखाद्या लेखासाठी बाजूला ठेवला. सतराव्यात नुसताच स्वल्पविराम होता. बाल्बिना जिना पुसत वर आली तेव्हा दार उघडं होतं आणि साहेब डोकं धरून बसले होते.

"काय हो संपादकसाहेब, कुणाचं नाटक पडलं?"

"कुणाचं नाही, बाल्बिना."

"मग जेवा जरा. रिकाम्या पोटी माणूस वाईटच लिहितो." आणि ती पुढचा जिना पुसायला गेली.

सभा गुरुवारी संध्याकाळी सहाला, अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली झाली. अडतीस भाडेकरू हजर होते. वकिलांनी ठराव वाचला: "इमारत क्रमांक १४ च्या खंदकाची खोली सुसंस्कृत मर्यादेत आणावी व त्यातील अनावश्यक वळणे वगळावीत."

"बुजवायचाय? बुजवा की," बाल्बिना म्हणाली. "फावडी माझ्या खोलीत आहेत. किल्ली माझ्या खिशात आहे. या घ्यायला."

"बाई, प्रश्न फावड्यांचा नाही, अभिरुचीचा आहे."

"अभिरुची! बावीस वर्षं मी फाटक उघडून विचारतेय, कसं होतं म्हणून. ह्यांना एकदा तरी काही आवडलंय? ह्यांच्या आईनं केलेलं बिटाचं सूपसुद्धा ह्यांनी प्रामाणिक म्हटलं असतं. आणि तुम्ही शिकलेले लोक त्यापायी खड्डे बुजवता?"

"स्वतः साहेबच उपस्थित आहेत," वकील म्हणाले. "त्यांनीच मार्गदर्शन करावं."

सेवेरिनसाहेब उठले. समोर एमिलियाबाई बसल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. साहेबांना फक्त दोन शब्द म्हणायचे होते: बुजवू नका. ते दोन शब्द त्यांच्या जिभेवर होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि बावीस वर्षांची सवय बोलू लागली.

"या खंदकाच्या तळाशी एक मौन आहे," ते म्हणाले, "जे वरून भरता येणार नाही. त्याची वळणं ही विषयांतरं आहेत असं मी म्हटलं होतं. परंतु विषय स्वतःच वळणांत वस्तीला असेल, तर सरळपणा ही एक प्रकारची पळवाट ठरते, असंही म्हणता येईल. अर्थात, म्हटलंच पाहिजे असं नाही." आणि ते खाली बसले.

मग निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, "म्हणजे बुजवायचा की नाही बुजवायचा?"

वकिलांच्या मते बुजवायचा, पण मौन वगळून. पहिल्या मजल्यावरच्या पियानो-शिक्षिकेच्या मते बुजवणं हीच पळवाट. झेल्मान शिंपी म्हणाला, "मी कापड कापणारा माणूस. मला एवढंच कळलं की साहेबांना नाही म्हणायचंय आणि ते कसं म्हणायचं हे त्यांना ठाऊक नाही." तो या गोष्टीच्या सर्वांत जवळ पोचला होता, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दोन तासांच्या चर्चेनंतर सभेनं एकमतानं ठरवलं की साहेबांच्या विधानाचा अर्थ त्यांच्याकडून लेखी मागवावा, आणि मतदान शुक्रवार, एक सप्टेंबर रोजी सकाळी दहाला घ्यावं. समीक्षेमुळे एखाद्या कामाचा खोळंबा होऊन माणसांचं भलं झाल्याचं हे एकमेव ज्ञात उदाहरण आहे.

जिना चढताना एमिलियाबाईंनी साहेबांचा दंड धरला. "साधं 'नको' म्हणता आलं नाही ना तुला?"

"नाही आलं गं."

"पण प्रयत्न केलास." आणि मग पुढच्या पायऱ्या दोघं गुडघ्याच्या बेतानं चढली.

शुक्रवारी मतदान झालं नाही.

सकाळी भोंगा वाजला तेव्हा निम्म्या शहराला वाटलं सराव आहे. उरलेल्या निम्म्याला वाटलं, सराव पूर्वीपेक्षा बराच सुधारलाय. मग नदीच्या बाजूनं पहिला आवाज आला आणि मतभेद मिटले. बगीच्यात तेव्हा जे घडलं त्याला रसिकांचा कौल म्हणतात. नाटकमंडळी आपल्या अटळ खंदकावरून उडी मारून पुढे गेली. चित्रकार वर्तुळाभोवती एक फेरी मारून पुढे गेले. ऑपेरावाले सर्वांत आधी पोचले, कारण त्यांचा श्वास मोठा. इझा मोर्स्का हातमोज्यांशिवाय आली. डॉक्टर हिपोलित झारेम्बाही आले. (आपण सहज इकडून चाललो होतो, असं त्यांनी आत उतरल्यावर दोनदा सांगितलं.) साठ माणसांसाठी खणलेल्या बाल्बिनाच्या खंदकात एकूण एकशे त्रेचाळीस माणसं बसली.

सेवेरिनसाहेब शेवटी आले. एमिलियाबाईंना तीन मजले उतरवायला वेळ लागला होता. बाल्बिना तोंडाशीच उभी होती.

"बाईंना आधी. हां, हळू, गुडघा सांभाळा. धर गं पोरी त्यांना. आणि तुम्ही काय उभे? या, संपादकसाहेब. जागा नाहीये, या."

साहेब उतरले. ते थेट तळाशी गेले. वाटेत त्यांना काहीही सुचलं नाही. वर जे चाललं होतं ते चाळीस मिनिटं चाललं. त्यात बगीच्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी पडलं आणि एक धातूचा तुकडा, बशीएवढा, खंदकाच्या तोंडातून आत आला. तो खाली वाकलेल्यांच्या डोक्यांवरून पहिल्या वळणापर्यंत गेला आणि तिथल्या मातीत घुसून थांबला. वळणापलीकडे झेल्मानच्या मुली होत्या, एमिलियाबाई होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसलेले साहेब होते. ते रडत होते, आणि ही वाचू दे, एवढंच म्हणत होते. शेजारच्या डॉक्टर हिपोलित यांनी ते ऐकलं आणि त्यावर काहीही भाष्य केलं नाही.

त्या संध्याकाळी 'सायंदूत'मध्ये, चौकटीत, सेवेरिन ओल्शेव्स्की यांच्या सहीनं पुढील मजकूर आला:

"इमारत १४ चा खंदक चांगला आहे. खोल आहे, वळणाचा आहे, वर फळ्या आहेत. त्यानं आज माणसं वाचवली. मी आधी लिहिलं ते चूक होतं. असेच खणा. उद्या नाही, आज."

आठवडाभरात या मजकुरावर एकेचाळीस पत्रं आली. ती प्रस्तुत लेखकाकडे आहेत. तीन पत्रांत फळ्यांची लांबी आणि जाडी विचारली आहे. उरलेली अडतीस रसिकांची आहेत. सेवेरिनसाहेबांची लेखणी थकली, असं त्यांत एकमुखानं म्हटलंय. भाषा सपाट झाली; सूचकता गेली; कलेनं सुचवावं, सांगू नये; शेवट तर निव्वळ उपदेश. पत्रांचं अक्षर सुरेख आहे, आणि पत्ते पूर्ण आहेत: रस्ता, इमारत, मजला, डावीकडचं दार की उजवीकडचं. त्या अडतीस पत्त्यांवरच्या इमारतींपैकी सहाच महिनाअखेर उभ्या होत्या.

या कथेच्या शेवटाबद्दलही रसिक वाचकांचं असंच काही म्हणणं असेल: जरा उघड झाला, हात राखून लिहायला हवं होतं, वगैरे. तेही अवश्य कळवावं; मतांचं स्वागत आहे. पत्र सुवाच्य अक्षरात असावं आणि खाली पूर्ण पत्ता लिहावा. मजला लिहिण्याची आवश्यकता नाही.